वाघ सकाळी, फुलराणी संध्याकाळी

"शुक्रवारी जाऊन येऊ." बस्स, तीन शब्दांत पुरुषांची सहल ठरते. मग त्या तीन शब्दांच्या मागे गाडीची वेळ, डबे, पाण्याच्या बाटल्या, धाकट्याची उलटी, सासूबाईंचे गुडघे आणि घराला कुलूप लावताना गॅस बंद केला होता का, हे सगळं कुणी पाहायचं? ते आपण पाहायचं! मैत्रिणींनो, तुमच्याकडेही काही वेगळं नसणार. म्हणूनच साताऱ्याहून पुण्याला जाऊन एका दिवसात प्राणिसंग्रहालय आणि पेशवे उद्यान अशी जोडसहल आम्ही कशी बसवली, ते सांगावंसं वाटतं.

गोष्ट डिसेंबर २०१८ ची. मोठी अकरा वर्षांची, धाकटा सात. दोघांनाही वाघ बघायचा होता. धाकट्याला शिवाय आगगाडीत बसायचं होतं, तेही छोट्या आगगाडीत, कारण ती त्याच्या चित्रांच्या पुस्तकात होती. मी म्हटलं, पुण्यात दोन्ही आहे, पण एका ठिकाणी नाही. तेवढ्यात शेंगा फोडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "का गं? पेशवे पार्कात दोन्ही आहे की. वाघ पण, फुलराणी पण."

त्यांचं चुकत नव्हतं. त्यांचं पेशवे पार्क जुनं होतं एवढंच. पुणे महापालिकेचं ते प्राणिसंग्रहालय १९५३ पासूनचं आणि फुलराणी पहिल्यांदा धावली ती ८ एप्रिल १९५६ ला. एकाच फाटकातून आत गेलं की वाघसिंह बघायचे, माकडांना हसायचं आणि गाडीत बसून घरी यायचं. पण शहर वाढलं, पिंजरे अपुरे पडले. कात्रजला १९८६ मध्ये सर्पोद्यान झालं होतं, तिथेच १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि पेशवे पार्कातले उरलेले प्राणी हलवून २००५ मध्ये तिथलं प्राणिसंग्रहालय बंद झालं. वाघ कात्रजला गेले, फुलराणी सारसबागेशेजारी राहिली. म्हणजे जी सहल पूर्वी एका तिकिटात व्हायची, ती आता सहा-सात किलोमीटर लांबीची झाली.

हे सगळं मी त्यांना सांगितलं, तर त्या शेंगांकडे बघतच म्हणाल्या, "मी गेले होते ना. ब्याऐंशी साली. हा सहा वर्षांचा होता, वन्सं माझ्या मांडीवर. सगळे बसले फुलराणीत. मी पिशव्या सांभाळत झाडाखाली. तीनदा गेली गाडी समोरून, तीनदा हात हलवला." आणि शेंगांचं सूप उचलून आत गेल्या.

तक्रार नव्हती हो त्यात. पाऊस पडला होता असं सांगावं, तसं सांगितलं. पण मला ते लागलं. कारण महाबळेश्वरला वेण्णा लेकवर नावेत सगळे बसले तेव्हा पिशव्या आणि चपला कुणी सांभाळल्या होत्या? मी! औंधला, पाचगणीला, लग्नाच्या हॉलमध्ये फोटो काढताना, पिशव्यांपाशी कोण? तुम्हीच सांगा, तुमच्या घरच्या किती फोटोंत तुम्ही आहात?

रात्री यांच्यापाशी विषय काढला. हे म्हणाले, "आईला कशाला? दिवसभर चालणं आहे. गुडघे धरून बसेल आणि मग आपलीही सहल अर्धी. त्यापेक्षा शेजारी काकूंकडे ठेवू दिवसभर." यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, काळजीच होती. पण काळजीपोटी माणसाला घरी ठेवायची सवय लागली की ते माणूस हळूहळू सगळ्यातूनच वजा होतं. मी म्हटलं, "अहो, आई येणार असं धरूनच मी बेत करते. जमला नाही बेत, तर मग बघू."

आणि मग खरोखरच त्यांच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली. बाकीच्या गोष्टी त्याभोवती बसवल्या.

पहिला पेच वाराचा. आमचं विजेच्या सामानाचं छोटं दुकान आहे, त्याला सुट्टी बुधवारी. आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय बंद असतं तेही बुधवारीच! प्राणिसंग्रहालयांच्या नियमांतच आहे की आठवड्यातून निदान एक दिवस लोकांना आत सोडायचं नाही. जनावरांनाही विसावा हवा, डागडुजीही करायची असते. मुंबईची राणीची बागसुद्धा बुधवारीच बंद. (बाहेरगावच्या मैत्रिणींनी हे आधी पाहावं. फाटकापर्यंत जाऊन परतणारी कुटुंबं त्या दिवशीही दिसतात म्हणे.) रविवारी दुकान बंद ठेवणं परवडत नाही आणि रविवारी तिथे गर्दीही फार. शेवटी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशीची सुट्टी शुक्रवारी आली. बुधवारी दुकान उघडायचं आणि शुक्रवारी बंद ठेवायचं, असा सौदा ठरला. एका दिवसाच्या गल्ल्याचा प्रश्न असतो, दुकानदाराच्या बायकोला वेगळं सांगायला नको.

दुसरा पेच, आधी काय? मुलं म्हणत होती आधी फुलराणी. मी म्हटलं, नाही, आधी वाघ. वाघ, बिबट्या ही मांजराच्या जातीची जनावरं. आपली मनी भर दुपारी काय करते? ताणून देते. दुपारी बारा-एकला गेलात तर झाडाच्या सावलीत पाठ करून पडलेला पिवळा ढीग तेवढा दिसतो. सकाळी उन्हं कोवळी असताना ती फिरतात. फुलराणीला काय, ती दुपारीही धावते. आणि साताऱ्याहून जाताना कात्रज आधीच लागतं, शहर पुढे. म्हणजे सकाळी कात्रजला उतरायचं, तिथून पुढे स्वारगेट, स्वारगेटजवळ सारसबाग आणि पेशवे उद्यान, आणि परतीची एसटी पुन्हा स्वारगेटवरूनच. एक पाऊलही मागे यायचं नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी ही आखणी केली, पण तिचा फायदा सगळ्यांनाच झाला.

यांनी यादीत शनिवारवाडा घातला होता, तो मी काढला. पर्वती काढली; शंभरावर पायऱ्या आहेत. आणि तुळशीबाग? ती मी माझ्या स्वतःच्या हाताने खोडली. यावर कुणी टाळी वाजवली नाही हे खरं, पण मला माहीत आहे मी काय सोडलं ते.

गाडीचंही सांगते. सातारा-स्वारगेट विनाथांबा गाडी चटकन नेते, पण तिच्या नावातच सगळं आलं. वाटेत उतरायचं तर साधी गाडी बरी. साडेसहाची धरली. सासूबाईंना तेव्हा पासष्ट वर्षांवरच्यांचं अर्धं तिकीट, धाकट्याचं आणि मोठीचंही अर्धं. आता तर ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे आणि मार्च २०२३ पासून आपल्या सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. "परवडत नाही" हे कारण निदान प्रवासापुरतं तरी अर्ध्यावर आलं आहे.

धाकट्याला गाडी लागते. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीला बोगदा असतो, वळणं नाहीत. परतताना मात्र घाट चढावा लागे. हे मनात धरून मी ठरवलं, की सारसबागेची भेळ पाच वाजता खायची आणि सातच्या आधी गाडीत बसायचं नाही. पोटात भेळ आणि समोर घाट, हे ज्या आईने एकदा पाहिलं आहे तिला पुढचं सांगायची गरज नाही. पर्समध्ये आवळासुपारी आणि लिंबू होतंच.

डब्याला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचे खडे. दशमी दुधात भिजवलेल्या पिठाची करावी, दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. बटाट्याची भाजी मुद्दाम नेली नाही. बंद डब्यात दुपारपर्यंत तिला वास यायला लागतो. चिवडा, बिस्किटं मोठ्या पिशवीत तळाशी ठेवली आणि मुलांना बजावलं, आत गेल्यावर मागायची नाहीत. माणसं माकडांना शेंगदाणे टाकतात, हरणांना वेफर, आणि त्यांना वाटतं आपण दया करतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांना खायला घालणं, डिवचणं, आवाज करून त्रास देणं, कचरा टाकणं, हे सगळं मना आहे.

आता एक नाजूक गोष्ट. आपण बायका प्रवासात पाणी पीत नाही. का, ते आपल्याला माहीत आहे, पण कुणी मोठ्याने बोलत नाही. सासूबाई तर आदल्या संध्याकाळपासूनच घोटघोट पितात. मग दुपारी डोकं दुखतं, पायात गोळे येतात आणि घरचे म्हणतात, "वयामुळे दमली." मी कुठे-कुठे जाता येईल त्या जागा आधीच विचारून ठेवल्या होत्या. प्राणिसंग्रहालयात शिरल्यावर, तिथून निघताना, जेवणाच्या ठिकाणी आणि स्वारगेटला. त्यांना सकाळीच सांगितलं, "आई, आज पोटभर पाणी प्यायचं. सोय बघितली आहे मी." त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं! तीस-पस्तीस वर्षांच्या प्रवासांत ही सोय कुणी विचारलीच नव्हती.

कात्रजला उतरलो तेव्हा हवेत गारवा होता. प्राणिसंग्रहालयाचा पसारा एकशेतीस एकरांचा, त्यातले बेचाळीस एकर तलावाचे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं, त्या जुन्या तळ्याचा हा परिसर. मोठीला इतिहासाच्या पुस्तकात पेशवे होतेच, तिला मी म्हटलं, "बघ, आपण आज त्या पाण्याच्याच वाटेने शहरात जाणार." तिला ते आवडलं. धाकट्याला काही देणंघेणं नव्हतं, त्याला वाघ हवा होता.

ज्येष्ठांसाठी आत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या होत्या. पैसे पडतात, पण त्या पैशांचा हिशेब मी आधीच शनिवारवाड्याच्या खात्यातून वळता केला होता. सासूबाई आणि धाकटा गाडीत, आम्ही तिघं पायी, आणि ठरलेल्या ठिकाणी भेट.

वाघ जागा होता! खंदकापलीकडे, गवताच्या कडेने, नाक वर करून सावकाश चालत होता. धाकटा इतका गप्प झाला की मी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. पुढे पांढरा वाघ. "हा म्हातारा झालाय का?" असं त्याने विचारलं, आजीच्या केसांकडे बघत. हसून मुरकुंडी वळली आमची. पांढरा वाघ ही काही वेगळी जात नव्हे. आपल्याच वाघाचा तो दुर्मीळ रंग, आईबाप दोघांकडून तो गुण आला तरच पिल्लू पांढरं होतं. रीवा संस्थानात १९५१ मध्ये पकडलेल्या 'मोहन' नावाच्या बछड्यापासून पिंजऱ्यातल्या पांढऱ्या वाघांचा वंश वाढला. हे यांनी सांगितलं. यांना असली माहिती पुष्कळ असते, फक्त गॅसचा नंबर कधी लावला ते आठवत नाही.

पण त्या दिवशीचं माझ्या मनात राहिलेलं ठिकाण वाघाचं नाही, सर्पोद्यानाचं आहे. सासूबाईंचं माहेर बत्तीस शिराळ्याकडचं. पूर्वी तिथे नागपंचमीला जिवंत नाग पकडून आणत, मडक्यांत ठेवत, पूजा करून पुन्हा सोडून देत. लहानपणी अंगणात डोलणारा नाग त्यांनी हातभर अंतरावरून पाहिलेला. आम्ही सगळे काचेपासून दोन पावलं मागे, हे तर चार. आणि आमच्या म्हातारबाई काचेला नाक लावून!

"हा बघ, याने फणा काढला म्हणजे तो चिडला नाही, घाबरलाय," त्या धाकट्याला सांगत होत्या. "आणि दूध कुठला पितोय तो? आमचे दादा म्हणायचे, तहानेने मरायला आला तरच तोंड लावील. त्याचं अन्न उंदीर." खरंच आहे, साप दूध पिणारा प्राणी नव्हे. दुसऱ्या एका कुटुंबातली दोन मुलं त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग त्यांची आई. मग एक आजोबा. बघता बघता सात-आठ माणसं सासूबाईंच्या भोवती, आणि त्या अजगरापासून घोणसपर्यंत एकेका काचेपाशी थांबून सांगताहेत. "घोणस शिट्टीसारखी फुत्कारते, कुकरसारखी. ऐकलंस की जागचं हलायचं नाही." गुडघ्यांचं नाव नाही. मी यांच्याकडे पाहिलं. हे हळूच म्हणाले, "मला हे काहीच ठाऊक नव्हतं. आईने कधी सांगितलंच नाही." मी म्हटलं, "कुणी विचारलं होतं?"

एक वाजता बाहेर पडलो. पीएमटीने (नाव बदलून पुष्कळ वर्षं झाली, पण जिभेला पीएमटीच येतं) स्वारगेट. तिथे एका साध्या उपाहारगृहात मुलांसाठी मिसळ आणि सगळ्यांसाठी ताक मागवलं, मालकांना विचारून आपले डबे उघडले. असं सरळ विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. चोरून पोळी खाल्ली तर मात्र ओरडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

जेवणानंतर तासभर काहीच ठरवलं नव्हतं. मुद्दाम! आपल्या सहली तिथेच फसतात. एक झालं की दुसरं, जेवण झालं की लगेच चला. रिक्षाने सारसबागेत गेलो, तळ्यातल्या गणपतीला नमस्कार केला आणि हिरवळीवर सतरंजी टाकली. सासूबाई पाय लांब करून आडव्या झाल्या आणि चक्क घोरल्या. हे पेपर तोंडावर घेऊन झोपले. मुलं वाघ-वाघ खेळली. मी नुसती बसले. किती दिवसांनी नुसती बसले होते, आठवत नाही.

चार वाजता पेशवे उद्यान. पिंजरे होते ती जागा आता ओळखू येत नाही. मुलांनी पायडल मारलं की चालणारी, ढकललं की फिरणारी अशी ऊर्जेची खेळणी तिथे मांडली आहेत. ताकद कुठून येते नि कुठे जाते ते मुलांना खेळता खेळता कळावं, अशी कल्पना. मोठी तिथे रमली. सासूबाई मात्र इकडेतिकडे बघत होत्या. "इथे सिंह होता," म्हणाल्या. "नाही, तिथे असेल." थोड्या वेळाने म्हणाल्या, "झाडं तीच आहेत."

फुलराणी त्या दिवशी चालू होती. (अधूनमधून दुरुस्तीसाठी ती बंद असते. जाण्याआधी चौकशी करावी, नाहीतर मुलांचे चेहरे बघवत नाहीत.) हे तिकिटाच्या खिडकीशी गेले आणि सवयीने म्हणाले, "दोन मुलं, एक मोठा."

मी मागून म्हटलं, "दोन मुलं, दोन मोठ्या. तुम्ही पिशव्यांपाशी बसा."

क्षणभर हे थांबले. मग काही न बोलता चार तिकिटं काढली, दोन्ही पिशव्या, सतरंजी आणि पाण्याची बाटली उचलली आणि झाडाखालच्या बाकावर जाऊन बसले.

सासूबाई नको-नको म्हणाल्या. "लोक काय म्हणतील, म्हातारी बसली गाडीत." धाकट्याने एका बाजूने हात धरला, मी दुसऱ्या. गुडघा दुमडताना चेहरा वाकडा झाला, पण बसल्या. पदर खोचून, पुढची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून. शिट्टी झाली. गाडी निघाली. समोरून बाक गेला, त्यावर हे, मांडीवर पिशवी घेऊन. त्यांनी हात हलवला. सासूबाईंनी दांडी सोडली नाही, नुसती मान हलवली, राणीसारखी!

दोन-चार मिनिटांत गाडी पुन्हा फलाटाला लागली.

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, खूप लांब जाते. दिसेनाशी व्हायची ना."

मी म्हटलं, "झालं आई, उतरायचं."

त्या उतरल्या नाहीत. धाकट्याला जवळ ओढून म्हणाल्या, "बाबाला सांग, अजून एकदा तिकीट काढायला."

भेळ पाच ऐवजी साडेपाचला खाल्ली, म्हणून गाडी मी साडेसातची धरली. घाटात धाकटा झोपला होता, काही झालं नाही. सासूबाई खिडकीपाशी जाग्या. खर्च दुकानाच्या वहीत लिहून ठेवला आहे. शनिवारवाडा, पर्वती आणि तुळशीबाग वजा केल्यामुळे ठरवल्यापेक्षा पंचेचाळीस रुपये कमीच झाला. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना तेल लावताना त्यांनी शेजारच्या काकूंना नागाचं, वाघाचं सगळं सांगितलं. काकूंनी माझ्याकडून आखणीचा कागद उतरवून घेतला, कुठे उतरायचं, कुठे डबे उघडायचे, सोय कुठे-कुठे आहे. पुढच्या महिन्यात त्या त्यांच्या आईला घेऊन गेल्या, शुक्रवारीच.